ॲप्लिकेशन सर्व्हरशी दूरस्थ संगणकाची जोडणी न होणे : कारणे आणि निदान

प्रस्तावना

प्रवेश अथवा परीक्षा अर्जांच्या अखेरच्या दिवशी महाविद्यालयाच्या कार्यालयात 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य हमखास ऐकू येते. ग्रंथालयातील देवघेव थांबली, विभागातील संगणकावरून गुणांची नोंद होईना, विद्यार्थ्याला घरून अर्ज उघडता येईना, की या सर्व प्रसंगी एकच निदान केले जाते. वस्तुतः यांपैकी पुष्कळ प्रसंगी सर्व्हर चालू असतो. सर्व्हरच्या खोलीत जाऊन त्याच संगणकाच्या पडद्यावर पाहिले असता प्रणाली सुरळीत दिसते. याचा अर्थ बिघाड सर्व्हर आणि दूरचा संगणक यांच्या दरम्यान कोठेतरी असतो. या 'कोठेतरी'ला निश्चित ठिकाण देणे हेच निदानाचे काम होय.

प्रस्तुत लेखात अशा बिघाडांची कारणे आणि ती ओळखण्याची पद्धत यांचे विवेचन केले आहे. विषय तांत्रिक असला तरी तो केवळ संगणकशास्त्राच्या अध्यापकांपुरता मर्यादित नाही. प्रणाली पुरविणारी कंपनी, ती सांभाळणारा कर्मचारी आणि ती वापरणारा अध्यापक हे तिघे बिघाडाच्या वेळी परस्परांकडे बोट दाखवितात, आणि या वादात जो उपाय घाईने केला जातो तो कधी कधी मूळ बिघाडापेक्षा महाग पडतो. त्याचे एक उदाहरण पुढे दिले आहे.

ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे एखाद्या संस्थेचे व्यवहार-नियम, उदाहरणार्थ प्रवेशाची पात्रता, शुल्काची आकारणी किंवा पुस्तक परत करण्याची मुदत, ज्या आज्ञावलीत एकवटलेले असतात तिला आधार देणारी मध्यस्थ प्रणाली. तिच्या मागे डेटाबेस असतो आणि पुढे क्लायंट. क्लायंट कधी ब्राउझर असतो, तर कधी संगणकावर स्वतंत्रपणे बसविलेला कार्यक्रम. जावा भाषेच्या विश्वात जेबॉस, ग्लासफिश, वेबलॉजिक, वेबस्फिअर ही नावे या संदर्भात परिचित आहेत. येथील उदाहरणे प्रामुख्याने त्याच विश्वातील असली तरी त्यांतून निघणारे तत्त्व इतरत्रही लागू पडते.

जोडणीचे टप्पे

क्लायंटने सर्व्हरला हाक मारल्यापासून उत्तर मिळेपर्यंत अनेक घटना क्रमाने घडतात. प्रथम सर्व्हरच्या नावाचे अंकांच्या पत्त्यात रूपांतर होते. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली डीएनएस ही नामव्यवस्था हे काम करते. मात्र प्रत्येक संगणकावर 'होस्ट्स' नावाची एक छोटी फाईलही असते आणि बहुधा तिचा शब्द डीएनएसच्या आधी प्रमाण मानला जातो. पत्ता मिळाल्यावर त्या पत्त्यापर्यंत वाट सापडावी लागते. तेथे पोचल्यावर योग्य पोर्टवर कोणी ऐकत बसलेले असावे लागते. पत्ता ही इमारत मानली तर पोर्ट हा खोलीचा क्रमांक होय. हा क्रमांक १६ बिटांचा असल्याने तो ६५,५३५ च्या पुढे जात नाही.

यानंतर टीसीपी या नियमसंहितेनुसार तीन संदेशांची देवाणघेवाण होते : क्लायंट जोडणीची विनंती करतो, सर्व्हर ती स्वीकारल्याचे कळवितो आणि क्लायंट त्यास पोच देतो. ही संहिता १९८१ च्या आरएफसी ७९३ या दस्तऐवजात सिद्ध झाली. २०२२ मध्ये त्याची जागा आरएफसी ९२९३ ने घेतली, तथापि तीन संदेशांची मूळ रीत कायम आहे. जोडणी सुरक्षित असेल तर पुढे प्रमाणपत्रांची तपासणी आणि संकेतनाची बोलणी होतात. हे सर्व पार पडल्यानंतरच प्रत्यक्ष ॲप्लिकेशनला क्लायंटची विनंती कळते.

हे टप्पे एकापाठोपाठ एक येतात, ही साधी गोष्ट निदानात फार उपयोगी पडते. एखाद्या टप्प्याविषयीची तक्रार पडद्यावर आली म्हणजे त्याआधीचे टप्पे पार पडले, असे अनुमान करता येते. प्रमाणपत्र अमान्य असल्याचा संदेश आला असेल तर नेटवर्कची तार तपासण्यात अर्थ नसतो. 'अननोन होस्ट' असा संदेश आला असेल तर सर्व्हरकडे एकही संदेश गेलेला नाही. मग सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केल्याने काय साधणार? तरीही पहिला उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी तोच केला जातो, आणि त्यामुळे ज्यांचे काम सुरळीत चालू होते त्यांचेही थांबते.

नकार आणि मौन

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' हे दोन संदेश वापरणाऱ्याला सारखेच वाटतात. दोन्हींचा परिणाम एकच, काम होत नाही. निदानाच्या दृष्टीने मात्र यांत महदंतर आहे.

पहिला संदेश म्हणजे नकार. विनंती सर्व्हरच्या संगणकापर्यंत पोचली, त्या संगणकाने ती वाचली आणि 'या खोलीत कोणी बसलेले नाही' असे उलट टपाली कळविले. नकार तत्काळ येतो. तो ऐकून निराश होण्याचे कारण नाही, कारण नाव, पत्ता आणि जाण्यायेण्याची वाट या तिन्ही गोष्टी ठीक असल्याचा बहुधा तोच पुरावा असतो. उरतात दोनच शक्यता : ॲप्लिकेशन सर्व्हर सुरूच झालेला नाही, अथवा तो दुसऱ्या पोर्टवर किंवा दुसऱ्या पत्त्यावर ऐकत आहे.

दुसरा संदेश म्हणजे मौन. विनंती गेली, परंतु होकार नाही आणि नकारही नाही. वाटेत तिचा लोप झाला, किंवा ती पोचली आणि उत्तराचा लोप झाला. या मौनाची लांबी मोजण्यासारखी असते. लिनक्समध्ये अनेक वर्षे प्रचलित असलेल्या मांडणीनुसार क्लायंट पहिल्या विनंतीनंतर आणखी सहा वेळा प्रयत्न करतो आणि दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करतो. १, २, ४, ८, १६, ३२ आणि अखेरचे ६४ सेकंद मिळून १२७ सेकंद होतात. म्हणून 'दोनेक मिनिटे नुसते फिरत राहिले आणि मग संदेश आला' हे वापरकर्त्याचे वर्णन तांत्रिकदृष्ट्या मोलाचे आहे. त्यातून फायरवॉलकडे किंवा चुकीच्या मार्गाकडे संशयाची सुई वळते. मात्र कित्येक आज्ञावल्या स्वतःची याहून कमी मुदत ठरवून घेतात, हे ध्यानात ठेवावे लागते.

या नियमाला अपवाद आहेत. फायरवॉल नको असलेली विनंती दोन प्रकारे हाताळू शकते : गुपचूप टाकून देणे किंवा नकार कळविणे. दुसरा प्रकार योजला असेल तर फायरवॉलचा नकार हा सर्व्हरचा नकार असल्यासारखा भासतो. रेड हॅट परिवारातील लिनक्सच्या जुन्या मूळ मांडणीत तर नकाराचा असा प्रकार निवडलेला होता की क्लायंटच्या पडद्यावर 'नो रूट टू होस्ट', म्हणजे वाटच नाही, असे उमटे. वाट असते, सर्व्हरही असतो. आड येते ती फायरवॉल. याउलट विंडोजची फायरवॉल बंद पोर्टविषयीचा नकारही बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे तेथे सर्व्हर सुरू नसला तरी मौनच अनुभवास येते. विंडोज एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ही फायरवॉल मुळातच चालू स्थितीत येऊ लागली, आणि आदल्या दिवसापर्यंत चालणाऱ्या कित्येक प्रणाली अद्ययावत केल्यानंतर अकस्मात मुक्या झाल्या.

'पिंग लागतो आहे, म्हणजे नेटवर्क ठीक आहे' हे विधानही तपासून घेण्याजोगे आहे. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेली पिंग ही उपयुक्तिका आयसीएमपी नावाचे वेगळे संदेश वापरते. त्या संदेशांना पोर्ट नसतो. पिंगला उत्तर आले तर इमारत जागेवर आहे इतकेच सिद्ध होते. खोली उघडी आहे की नाही ते कळत नाही. शिवाय अनेक संस्था सुरक्षेसाठी पिंगची उत्तरे बंद ठेवतात, त्यामुळे उत्तर न येणे हाही बिघाडाचा पुरावा ठरत नाही. ज्या पोर्टवर काम करायचे आहे त्याच पोर्टवर जोडणी करून पाहणे, जसे टेलनेटच्या साहाय्याने अथवा विंडोजच्या पॉवरशेलमधील 'टेस्ट-नेटकनेक्शन' या आज्ञेने, हीच खरी चाचणी होय.

स्वतःपुरता सर्व्हर

नकाराच्या ज्या दोन शक्यता वर सांगितल्या, त्यांतील दुसरी विशेष विचारात घेण्यासारखी आहे. एका संगणकाला एकाच वेळी अनेक पत्ते असतात. नेटवर्क कार्डाचा एक पत्ता असतो, त्याखेरीज १२७.०.०.१ हा प्रत्येक संगणकाला असलेला 'स्वतःकडे परतणारा' पत्ता असतो. 'लोकलहोस्ट' हे याचेच नाव. या पत्त्यावर पाठविलेला संदेश संगणकाबाहेर जातच नाही. ॲप्लिकेशन सर्व्हर सुरू होताना यांपैकी कोणत्या पत्त्यावर ऐकायचे ते ठरवितो. त्याने केवळ १२७.०.०.१ निवडला असेल तर सर्व्हरच्या पडद्यावर सर्व काही चालेल आणि शेजारच्या टेबलावरील संगणकाला नकार मिळेल. नेटस्टॅट किंवा एसएस या आज्ञेच्या उत्तरात पोर्टपूर्वी १२७.०.०.१ दिसतो की सर्व पत्त्यांचा निर्देश करणारा ०.०.०.० दिसतो, हे पाहिले की उलगडा होतो.

जेबॉस सर्व्हरच्या वापरकर्त्यांना हा अनुभव २००७ मध्ये मोठ्या प्रमाणावर आला. त्या वर्षी आलेल्या ४.२ या आवृत्तीने मूळ मांडणी बदलली. आधीच्या आवृत्त्या सर्व पत्त्यांवर ऐकत. नवी केवळ स्वतःपुरती ऐकू लागली. जुन्या पुस्तकांवरून शिकलेल्यांना हा दोष वाटला. प्रत्यक्षात तो जाणीवपूर्वक घेतलेला सुरक्षेचा निर्णय होता आणि निर्मात्यांनी तसे नमूदही केले होते : पुरेशी कुलपे न लावता लोक सर्व्हर प्रत्यक्ष वापरात आणत आहेत, ही त्यांची चिंता होती. उपाय एका ओळीचा होता. सुरू करतानाच्या आज्ञेत 'बी' हा पर्याय जोडून ०.०.०.० लिहिले की सर्व्हर पुन्हा सर्वांना ऐकू लागे. हा उपाय सर्वतोमुखी झाला. त्यामागील इशारा मात्र तितका पसरला नाही.

या सर्व्हरसोबत जेएमएक्स कन्सोल नावाचे व्यवस्थापनाचे पान येत असे. ते ज्याच्या हाती लागेल त्याला सर्व्हरवर नवी आज्ञावली चढविता येई. २०१० मध्ये उघड झालेल्या आणि सीव्हीई-२०१०-०७३८ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या त्रुटीत असे आढळले की, या पानाचा पासवर्ड 'गेट' आणि 'पोस्ट' या दोन प्रकारच्या विनंत्यांनाच विचारला जाई. तिसऱ्या प्रकारची विनंती केली असता दार मोकळे असे. दुरुस्ती त्याच वर्षी उपलब्ध झाली. परंतु दुरुस्ती उपलब्ध होणे आणि ती बसविली जाणे यांत वर्षांचे अंतर पडू शकते. २०११ मध्ये या त्रुटीवर जगणारा एक वर्म पसरला. २०१६ मध्ये सॅमसॅम या खंडणीखोर आज्ञावलीच्या हल्लेखोरांनी दुरुस्ती न केलेल्या जेबॉस सर्व्हरांतून रुग्णालयांच्या नेटवर्कमध्ये प्रवेश मिळविला. त्या वर्षी एप्रिलमध्ये सिस्कोच्या टॅलोस या संशोधन गटाने इंटरनेटवर धोक्याच्या छायेतील सुमारे ३२ लाख यंत्रे असल्याचे आणि सुमारे १,६०० पत्त्यांवर २,१०० च्या आसपास चोरवाटा आधीच बसविलेल्या असल्याचे जाहीर केले. बाधित सर्व्हरांत शालेय ग्रंथालयांची प्रणाली चालविणारे सर्व्हरही होते, ही बाब शिक्षणक्षेत्राने लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रंथालयाच्या नोंदीवर कोण हल्ला करणार, हा समज तेथेच खोटा ठरला.

या प्रत्येक सर्व्हरचे दार जोडणीच्या अडचणीपायीच उघडले गेले असे म्हणता येणार नाही. परंतु 'जोडणी होत नाही' या तक्रारीवर 'फायरवॉल बंद करा, सर्व पत्ते खुले करा' हा उपाय ज्या सहजतेने केला जातो ती सहजता येथे तपासून पाहावी लागते. अमुक एका विभागातील संगणकांना, अमुक एका पोर्टवर, इतकीच वाट देणे शक्य असते, आणि त्यासाठी बिघाड नेमका कोठे आहे हे आधी कळावे लागते. २०११ च्या जेबॉस ७ या आवृत्तीपासून व्यवस्थापनाचे पान स्वतंत्र पोर्टवर हलविण्यात आले, त्यामुळे सर्वसामान्य वापराचे दार उघडताना व्यवस्थापनाचे दार आपोआप उघडत नाही.

सर्व्हरने सांगितलेला पत्ता

आतापर्यंतच्या प्रकारांत पहिली हाक अपयशी ठरते. सर्वांत फसवा प्रकार याहून निराळा आहे. त्यात पहिली हाक यशस्वी होते आणि दुसरी अपयशी ठरते; वापरणाऱ्याला मात्र दुसरी हाक मारली गेली हेच ठाऊक नसते.

जावा भाषेत १९९७ पासून उपलब्ध असलेली आरएमआय ही व्यवस्था एका संगणकावरील आज्ञावलीला दुसऱ्या संगणकावरील कार्य जणू आपल्याच घरचे असल्याप्रमाणे करवून घेऊ देते. यासाठी क्लायंट प्रथम सर्व्हरवरील नोंदवहीकडे जातो. तिचा रूढ पोर्ट १०९९ आहे. हवी असलेली सेवा कोठे मिळेल अशी विचारणा तो करतो, आणि उत्तरादाखल नोंदवही एक चिठ्ठी देते. तिच्यात सेवेचा पत्ता आणि पोर्ट लिहिलेला असतो. मग क्लायंट त्या चिठ्ठीबरहुकूम दुसरी जोडणी करतो. आता ही चिठ्ठी लिहितो कोण? सर्व्हर स्वतः. आणि स्वतःचा पत्ता तो कसा ठरवितो? सुरू होताना स्वतःच्या नावाचा पत्ता आपल्याच व्यवस्थेला विचारून.

घोळ नेमका येथे होतो. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांत संगणकाला कायमचा पत्ता दिलेला नसेल तर 'होस्ट्स' फाईलमध्ये त्याच्या नावापुढे १२७.०.१.१ लिहिण्याचा प्रघात आहे. हाही स्वतःकडे परतणाराच पत्ता. सर्व्हर स्वतःचे नाव विचारतो, उत्तर १२७.०.१.१ मिळते आणि तेच चिठ्ठीत उतरते. दूरच्या विभागातील क्लायंट ती चिठ्ठी घेऊन निष्ठेने १२७.०.१.१ कडे जातो, म्हणजे स्वतःकडेच जातो. तेथे अर्थातच कोणी नसते, आणि नकार येतो. हा नकार सर्व्हरने दिलेला नसून क्लायंटच्या स्वतःच्या संगणकाने दिलेला असतो. सर्व्हरची फायरवॉल कितीही वेळा बंद केली तरी तो जाणार नाही.

सुदैवाने चुकीच्या संदेशातच उत्तर दडलेले असते. जावा असा संदेश देते की 'अमुक यजमानाने जोडणी नाकारली', आणि त्यात पत्ता छापलेला असतो. संदेश वाचणारा बहुधा 'नाकारली' या शब्दापाशी थांबतो, पुढचा १२७.०.१.१ हा आकडा तो वाचत नाही. क्लायंटमध्ये हा पत्ता कोणीही भरलेला नव्हता, मग तो आला कोठून, एवढा प्रश्न पडला तरी निदान झाल्यातच जमा आहे. उपायही सरळ आहे : 'होस्ट्स' फाईलमधील नोंद सुधारणे, अथवा 'जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम' या गुणधर्मात असे नाव देणे की जे सर्व्हर आणि क्लायंट या दोघांच्याही ठिकाणाहून योग्य पत्त्याकडे नेईल.

'दोघांच्याही ठिकाणाहून' ही अट महत्त्वाची आहे. १९९६ च्या आरएफसी १९१८ नुसार १० ने किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते, तसेच १७२.१६ ते १७२.३१ हा पट्टा, खाजगी वापरासाठी राखीव आहे. महाविद्यालयाच्या आवारात १९२.१६८ चा पत्ता अचूक असतो. घरी बसलेल्या अध्यापकाच्या दृष्टीने मात्र तो निरर्थक असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याच्याच घरातील प्रिंटरचा असू शकतो. पत्त्याचे रूपांतर करणारा राउटर संदेशाच्या पाकिटावरील पत्ता बदलतो. पाकिटाच्या आतील चिठ्ठी तो सहसा उघडून पाहत नाही. त्यामुळे पहिली जोडणी राउटरच्या कृपेने होते आणि चिठ्ठीतील पत्त्यावरची दुसरी होत नाही. भरीस भर म्हणून, स्पष्ट सांगितले नसेल तर आरएमआय सेवेचा पोर्ट दर वेळी निराळा निवडला जातो. फायरवॉलमध्ये १०९९ उघडून ठेवणाऱ्याला पुढची खोली कोणती ते ठाऊकच नसते. तो पोर्टही नेमून द्यावा लागतो.

हा दोष एकट्या आरएमआयचा नाही. ग्लासफिशमध्ये ३७०० या पोर्टवरून होणाऱ्या आयआयओपी जोडणीतही पत्ता असलेली अशीच चिठ्ठी क्लायंटला मिळते. फायली पाठविण्याच्या एफटीपी या जुन्या रीतीत सर्व्हर दुसऱ्या जोडणीसाठी स्वतःचा पत्ता सांगतो, आणि तेथेही राउटरच्या पलीकडे हीच फसगत होते. आज कंटेनरमध्ये चालणाऱ्या प्रणालींत 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनर, त्याला सामावणारा संगणक नव्हे. काफ्का या संदेशवाहक प्रणालीत तर क्लायंटला कोणता पत्ता सांगायचा यासाठी 'ॲडव्हर्टाइज्ड लिसनर्स' नावाची स्वतंत्र मांडणीच करावी लागते. महाविद्यालयांना सुपरिचित असलेल्या मूडलमध्ये संकेतस्थळाचा पत्ता 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूट' या नावाने एका फाईलमध्ये लिहिलेला असतो. बसविताना तेथे लोकलहोस्ट लिहिला गेला आणि नंतर बदलायचा राहिला, तर प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकाला मूडल त्याच्या स्वतःकडेच परत पाठविते. बसविणाऱ्याच्या संगणकावर मात्र सर्व काही उत्तम चाललेले दिसते, आणि त्याचे 'माझ्याकडे तर चालते' हे उद्गार अगदी प्रामाणिक असतात.

सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतून १९९४ मध्ये जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला होता. दूरचे कार्य आणि जवळचे कार्य यांतील भेद आज्ञावलीकारापासून लपविणे ही मूलतःच चुकीची दिशा आहे, असे त्यात प्रतिपादन होते. सहलेखिकांपैकी ॲन वोलराथ यांचा पुढे आरएमआयच्या रचनेत प्रमुख वाटा होता, आणि दूरस्थ कार्य अपयशी ठरू शकते याची कबुली प्रत्येक ठिकाणी लिहून द्यावी लागेल असा नियम आरएमआयमध्ये घालण्यात आला. आज्ञावलीकारांना तो नेहमीच जाचक वाटत आला. वर वर्णिलेला चिठ्ठीचा घोळ पाहता तो नियम अनाठायी नव्हता असेच म्हणावे लागेल. जेबॉसचा वारसा चालविणाऱ्या वाइल्डफ्लायने २०१४ च्या आठव्या आवृत्तीत दूरस्थ कार्ये आणि वेबपाने एकाच ८०८० या पोर्टवरून नेण्याची सोय केली, त्यामुळे पोर्टांचा पसारा पुष्कळ आटोपशीर झाला.

जोडणी होते, परंतु टिकत नाही

काही बिघाड जोडणी झाल्यानंतर प्रकट होतात. त्यांचा येथे थोडक्यात निर्देश करणे पुरेसे होईल.

दुपारच्या सुटीनंतर परतलेल्या लिपिकाची पहिली कृती अयशस्वी होते आणि दुसरी यशस्वी, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा मधल्या फायरवॉलची विस्मृती हे असते. जोडणी निष्क्रिय राहिली की फायरवॉल काही वेळाने तिची नोंद पुसते. दोन्ही टोकांना मात्र जोडणी शाबूत असल्याचे वाटत राहते. टीसीपीची 'जिवंत आहेस काय' ही विचारणा लिनक्समध्ये मूळ मांडणीनुसार ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते, आणि तीही ॲप्लिकेशनने मागितली असेल तर. २००८ च्या आरएफसी ५३८२ ने पत्ता-रूपांतर करणाऱ्या उपकरणांनी अशी नोंद किमान २ तास ४ मिनिटे राखावी असे म्हटले आहे, पण अनेक उपकरणे फार आधीच विसरतात.

लहान पान उघडते आणि मोठी यादी अर्ध्यावर अडकते, हे लक्षण पाकिटाच्या आकाराचे आहे. इथरनेटवर १,५०० बाइटांचे पाकीट चालते. ब्रॉडबँडच्या पीपीपीओई जोडणीत १,४९२ चेच. मोठे पाकीट आल्यास तसे कळविणारे आयसीएमपी संदेश एखाद्या अतिसावध फायरवॉलने अडविले की पाठविणाऱ्याला कारण कळत नाही आणि तो तेच पाकीट पुन्हापुन्हा पाठवीत राहतो.

प्रमाणपत्रांचे बिघाड वेगळ्या स्वरूपाचे. २०२१ च्या मार्चमध्ये टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या अधिकृतपणे कालबाह्य ठरविण्यात आल्या, आणि एप्रिलमधील जावाच्या सुधारणांनी त्या मूळ मांडणीतच बंद केल्या. जुना क्लायंट व नवा सर्व्हर यांची बोलणी त्यामुळे फिसकटू लागली. प्रयोगशाळेतील एकाच जुन्या संगणकावर प्रमाणपत्र 'अद्याप वैध नाही' असे येत असेल तर मात्र त्या संगणकाचे घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते.

शेवटचा प्रकार चाचणी करणाऱ्याला चकविणारा आहे. टेलनेटने पोर्टवर जोडणी होते, पण पुढे काहीच घडत नाही. तीन संदेशांची देवाणघेवाण ऑपरेटिंग सिस्टिम उरकते, त्यासाठी ॲप्लिकेशनची अनुमती लागत नाही. आत सर्व्हरचे सारे कार्यतंतू डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत अडकले असले तरी बाहेरच्या रांगेत जागा असेपर्यंत नवागताचे स्वागत होत राहते. या एका प्रसंगी 'सर्व्हर डाऊन आहे' हे विधान खरे असते, आणि पोर्टची चाचणी नेमकी त्याच वेळी सर्व ठीक असल्याचे सांगते.

तपासाचा क्रम

तपासाची सुरुवात सर्व्हरपासून करून बाहेर सरकत जाणे सोयीचे. प्रथम सर्व्हरवरूनच, परंतु लोकलहोस्ट हे नाव न वापरता त्याच्या नेटवर्कच्या पत्त्याने जोडणी करून पाहावी. एवढ्या एका चाचणीने 'स्वतःपुरता सर्व्हर' हा प्रकार उघडा पडतो. मग त्याच स्विचवरील शेजारच्या संगणकावरून, मग दुसऱ्या विभागातून, आणि शेवटी आवाराबाहेरून. ज्या पायरीवर प्रथम अपयश येते तिच्या आणि आधीच्या पायरीच्या दरम्यान बिघाड असतो. दर वेळी एकच बदल करावा. तपासापुरती फायरवॉल बंद केलीच तर काही मिनिटांत ती पूर्ववत करावी. आणि बंद केल्यावरही फरक पडला नाही, तर तोही निष्कर्षच आहे, फायरवॉल बंद ठेवण्याची सबब नव्हे.

प्रणाली वापरणाऱ्या अध्यापकाने तक्रार नोंदविताना चार गोष्टी कळविल्या तरी तपासणाऱ्याचे काम पुष्कळ हलके होते : कोणत्या संगणकावरून आणि कोणत्या नेटवर्कमधून प्रयत्न केला, नेमके किती वाजता, संदेश अक्षरशः काय होता आणि तो येण्यास किती वेळ लागला. संदेशाचे छायाचित्र काढणे आता कोणालाही शक्य आहे. 'चालत नाही' या दोन शब्दांत मात्र नकार आणि मौन यांतील भेदच पुसला जातो.

एवढे करूनही मौनाचे कारण हाती लागले नाही तर टीसीपीडम्प किंवा वायरशार्क यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष पाकिटांची नोंद घ्यावी लागते, आणि ती दोन्ही टोकांना एकाच वेळी घ्यावी. केवळ क्लायंटकडील नोंदीत विनंती गेली आणि उत्तर आले नाही इतकेच दिसते. सर्व्हरकडील नोंदीत विनंती पोचलेलीच नसेल तर दोष जाण्याच्या वाटेत आहे. ती पोचली आणि सर्व्हरने उत्तरही दिले असेल, तर दोष परतीच्या वाटेत. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे असतील तर विनंती एका कार्डावर येते आणि उत्तर दुसऱ्या कार्डातून निघून जाते. मधल्या फायरवॉलला अशा उत्तराची विनंती कधी दिसलेलीच नसते, म्हणून ती ते टाकून देते. विनंती सर्व्हरच्या कार्डापर्यंत पोचूनही उत्तर निघालेच नसेल, तर सर्व्हरची स्वतःची फायरवॉल पाहावी. ती निर्दोष आढळल्यास लिनक्समधील 'आरपी फिल्टर' ही मांडणी पाहावी. ज्या पत्त्याला उत्तर द्यायचे त्याची वाट ज्या कार्डातून जाते त्याच कार्डावर विनंती आली नसेल, तर ही मांडणी तिच्या कडक स्थितीत ती विनंती निमूटपणे बाजूला सारते, आणि ॲप्लिकेशन सर्व्हरच्या नोंदवहीत तिचा मागमूसही उरत नाही.